ठकी, बार्बी आणि आपल्या मुली

(नाशिक येथे पालकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नवरात्र आले की कालिकामातेच्या यात्रेत खेळण्यांची दुकाने लागतात. पिपाण्या, फुगे, प्लास्टिकच्या मोटारी आणि त्यांच्या जोडीला गुलाबी खोक्यात उभी असलेली एक बाहुली. खोक्यावर नाव काहीही छापलेले असो, मुली तिला एकाच नावाने ओळखतात : बार्बी. मूळ अमेरिकन बार्बी महाग, म्हणून यात्रेत मिळते ती तिची नक्कल. परंतु केस तेच सोनेरी, कंबर तीच मुठीत मावणारी आणि टाचाही तशाच उचललेल्या. पाच वर्षांची मुलगी हट्ट धरते, आई घासाघीस करते आणि सोबतची आजी पुटपुटते, ''ही कसली बाहुली? हिला मांडीवर तरी कशी घ्यायची?''

ही बाहुली मुलींपुढे आदर्श म्हणून ठेवण्याजोगी आहे काय, या प्रश्नावर मोठमोठी पुस्तके लिहिली गेली आहेत. आजीने मात्र नेमक्या जागी बोट ठेवले आहे. म्हणून आरंभ मांडीवर घेण्याच्या बाहुलीपासूनच केला पाहिजे.

महाराष्ट्राच्या जुन्या घरांत ठकी असे. लाकडाचा ठोकळा, त्यावर रंगाने काढलेले डोळे, कुंकू आणि लुगड्याचे काठ. हातपाय कोरलेले असले-नसले सारखेच. लाकडाची ठकी परवडत नसे तेथे आजी जुनेराच्या चिंध्यांची बाहुली शिवून देई आणि कोळशाने किंवा काजळाने तिचे नाकडोळे काढी. या बाहुलीला रूप असे नव्हतेच. जे रूप होते ते मुलीच्या कल्पनेत होते. ठकी कधी रडे, कधी तापाने फणफणे, कधी रुसून बसे; आणि तिला थोपटणारी, औषध देणारी, समजूत घालणारी ती मुलगी असे. खेळातली मोठी व्यक्ती मुलगी आणि लहान व्यक्ती बाहुली, असा तो संबंध होता. भातुकलीतही तेच. नाशिकचा भांडी बाजार प्रसिद्ध आहे. तांब्या-पितळेची हुबेहूब इवलीशी भांडी जुन्या घरांत मुलींच्या खेळात असत, आणि त्या भांड्यांतला चुरमुऱ्यांचा भात आधी ठकीला वाढला जाई.

जुन्या काळाविषयी बोलताना गोड बोलण्याचा मोह होतो. तो येथे आवरला पाहिजे. भातुकलीचा शेवट कशात होई? बाहुला-बाहुलीच्या लग्नात. मुंडावळ्या, अक्षता, विहिणींचे रुसवेफुगवे सारे यथासांग. ठकीच्या भावी आयुष्याविषयी दुसरा कोणताही विचार त्या खेळात नव्हता. आणि ज्या वयात मुली बाहुलीचे लग्न लावीत, त्याच वयात पुष्कळदा त्यांचेही लागत असे. आनंदीबाई जोशी यांचा विवाह झाला तेव्हा त्यांचे वय नऊ वर्षांचे होते. रमाबाई रानडे अकरा वर्षांच्या असताना बोहल्यावर चढल्या. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा असावे, एवढे ठरवण्यासाठी १९२९ सालचा शारदा कायदा यावा लागला. तेव्हा परदेशी बाहुलीकडे बोट दाखवताना आपल्या ठकीपुढेही एकच वाट आखलेली होती, हे मान्य करून पुढे जावे. हे मान्य केले नाही तर आपले बोलणे तरुण मुली ऐकून घेणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नसेल.

आता बार्बीकडे वळू. अमेरिकेतील मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या एक संस्थापक रूथ हँडलर. त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना प्रौढ स्त्रिया समजून खेळते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्या काळी दुकानांत मिळणाऱ्या बाहुल्या बहुतेक तान्ह्या बाळांच्या असत. मुलीला आई व्हायचे एवढेच का खेळायला द्यावे, आपण मोठेपणी कोण होणार हे का खेळू नये, असा त्या आईचा विचार होता. विचार वाईट नव्हता. पुढे १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रवासात त्यांना लिली नावाची एक जर्मन बाहुली दिसली. ही लिली 'बिल्ड' या वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालेतून आलेली, आणि मुख्यतः प्रौढ पुरुषांच्या थट्टामस्करीसाठी विकली जाणारी. तंबाखूच्या दुकानांतही ती मिळे. हँडलरबाईंनी तिचे नमुने अमेरिकेला नेले, त्यावरून नवी बाहुली घडवली, तिला मुलीचे नाव दिले आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात बार्बी अवतरली.

एका आईच्या मनातला रास्त विचार आणि पुरुषांच्या करमणुकीसाठी घडवलेला देह, अशा दोन गोष्टींची ती सांगड आहे. विचार पुढे बदलत गेला, वाढतही गेला. देह मात्र जवळजवळ साठ वर्षे त्याच साच्यात राहिला.

आणि येथेच खेळाचा जुना संबंध उलटा झाला. ठकीपुढे मुलगी मोठी होती. बार्बीपुढे मुलगी लहान झाली. ठकीला मुलगी घडवी. बार्बी घडूनच येते - केस, ओठ, हसू, पोशाख, सारे तयार. तिला जोजवता येत नाही, तिला ताप येत नाही, तिला भूक लागत नाही. तिच्यासाठी करण्यासारखे एकच उरते, कपडे बदलणे. आणि ते कपडे बाजारातूनच आणावे लागतात. एक बाहुली विकून थांबायचे नाही, तर तिच्यामागे कपडे, पादत्राणे, घर, मोटार, मित्र अशी रांग लावायची, हे या धंद्याचे मूळ गणित आहे. हौस पुरवली की संपते. येथे ती संपू नये अशीच योजना आहे.

या देहाविषयी थोडे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ साली हिशेब मांडला की, बार्बीच्या मापाची स्त्री आढळण्याची शक्यता लाखात एकीहूनही कमी. १९६५ साली या बाहुलीचा रात्रीच्या मुक्कामाचा एक संच निघाला होता. त्यात इवलासा वजनकाटा होता; त्याचा आकडा ११० पौंडांवर, म्हणजे सुमारे ५० किलोंवर कायमचा छापलेला. सोबत वजन घटवण्याविषयीचे एक चिमुकले पुस्तक होते आणि त्यातला उपदेश होता : खाऊ नका. सहा-सात वर्षांच्या मुलींच्या खेळण्यात! ज्या देशात ताटातले शेवटचे शीत टाकू नये असे मुलांना शिकवतात, त्या देशातील मातांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, खेळणे ते खेळणे; त्याने मुलीच्या मनावर काय होणार? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही आणि सुदैवाने त्याची तपासणी झालेली आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी २००६ साली पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलींना बार्बीची चित्रे असलेली गोष्ट दाखवली, काहींना भरदार बांध्याच्या दुसऱ्या एका बाहुलीची आणि काहींना बाहुली नसलेली चित्रे. नंतर स्वतःच्या शरीराविषयी विचारले. बार्बी पाहिलेल्या लहान मुली स्वतःच्या अंगकाठीवर अधिक नाराज निघाल्या. त्यांना अधिक बारीक व्हायचे होते. सर्वांत मोठ्या, म्हणजे साडेसातच्या पुढच्या मुलींत मात्र हा तात्काळ परिणाम दिसला नाही. याचा एक अर्थ असा सांगितला जातो की, तोवर ते माप मनात पक्के बसलेले असते, त्यासाठी बाहुली समोर असण्याची आवश्यकता उरत नाही. अर्थ कोणताही लावला तरी पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वय. पाच, सहा आणि सात. शाळेचा पहिला दाखला मिळण्याच्या सुमाराचे.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. बार्बी १९६५ मध्ये अंतराळवीर झाली, तेव्हा माणूस चंद्रावर पोचलेला नव्हता. पुढे ती शल्यविशारद झाली, वैमानिक झाली, १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारही झाली. आपली ठकी आयुष्यभर नवरीच राहिली, हे मघाशी बोललोच. गंमत अशी की, त्याच १९९२ मध्ये बोलणारी बार्बी निघाली आणि तिच्या तोंडी घातलेल्या वाक्यांत गणिताचा तास अवघड असतो, असेही एक वाक्य होते. ओरड झाल्यावर ते काढून टाकण्यात आले. पोशाख डॉक्टरचा असला तर मुलीला डॉक्टर व्हावेसे वाटेल काय? अमेरिकेत २०१४ साली चार ते सात वर्षांच्या ३७ मुलींवर एक लहानसा प्रयोग झाला. काही मुलींना फॅशनच्या पोशाखातली बार्बी दिली, काहींना डॉक्टर बार्बी आणि काहींना बटाट्याच्या आकाराची एक विनोदी बाहुली. नंतर दहा व्यवसायांची चित्रे दाखवून विचारले, यांतले काय तुला जमेल आणि काय मुलग्यांना जमेल? बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःपेक्षा मुलग्यांना अधिक व्यवसाय बहाल केले. बार्बी डॉक्टरच्या कोटात होती की नाही, याने फरक पडला नाही. बटाट्याशी खेळलेल्या मुलींत हे अंतर कमी होते. सदतीस मुलींवरून जगाचा निवाडा करू नये. तरीही कोट बदलला आणि देह तोच ठेवला तर मूल देहाकडेच पाहते, ही शंका त्यामुळे बळावते.

कार्डिफ विद्यापीठाचे २०२० सालचे संशोधनही या संदर्भात सांगितले जाते. चार ते आठ वर्षांची ३३ मुले बाहुल्यांशी खेळताना त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले, तेव्हा दुसऱ्याचे मन जाणण्याशी संबंधित भाग एकट्याने खेळतानाही कार्यरत झालेला आढळला. टॅब्लेटवरच्या खेळात तो तेवढा होत नव्हता. हा खर्च बार्बीच्याच कंपनीने केला होता, हे लक्षात ठेवावे. पण निष्कर्ष खोटा मानण्याचे कारण नाही. आपल्या आज्यांना तो खर्चाशिवाय ठाऊक होता. बाहुली हवीच. कोणती आणि कशी, एवढाच प्रश्न आहे.

मग बंदी? काही देशांनी तो मार्ग धरून पाहिला. इराणने २००२ मध्ये सारा आणि दारा ही बहीणभावाची जोडी काढली. सीरियातून २००३ मध्ये फुल्ला नावाची बाहुली आली, अंगभर वस्त्रे घातलेली; पण त्या वस्त्रांखालची अंगकाठी तीच सडपातळ आणि तिच्यामागची वस्तूंची रांगही तशीच लांब. आपल्याकडे परदेशी खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० मध्ये ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी कारागिरांच्या दृष्टीने ते स्वागतार्हच. पण बाजारात फेरी मारावी आणि पाहावे. त्याच साच्यातल्या गोऱ्या बाहुलीला नऊवारी नेसवून, नाकात नथ अडकवून 'मराठमोळी बाहुली' म्हणून विकले जाते. लुगडे देशी झाले म्हणून कंबर देशी होत नाही. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कारागीर मागणीअभावी हात आखडून बसावेत आणि आपण प्लास्टिकच्या नथीवर समाधान मानावे, याला स्वदेशी म्हणणे कठीण आहे.

आता थोडे कटू. बार्बी नसलेल्या घरात काय घडते? मुलगी जन्माला आली की पहिला प्रश्न येतो, रंग कसा आहे? कौतुकाचा सर्वांत मोठा शब्द कोणता? ''अगदी बाहुलीसारखी दिसते हो!'' आणि त्याच मराठीत एखाद्याला कोणाच्या हातातले बाहुले म्हटले तर ती निंदा ठरते, कळसूत्री बाहुली म्हटले तर अपमान. पुरुषासाठी जी निंदा, ती मुलीसाठी स्तुती! आपल्या भाषेने आपल्याला येथे पकडले आहे. गोरेपणाचे एक प्रसिद्ध मलम १९७५ साली भारतीय बाजारात आले. २०२० मध्ये त्याच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढला गेला. मलम मात्र खपतेच आहे. लग्नाच्या जाहिरातींतून 'गोरी, सडपातळ' हे शब्द बार्बी भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून छापले जात होते. आरशासमोर उभी राहून 'किती जाड झाले मी' असे म्हणणारी आई, 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील' म्हणणारी मावशी आणि शेजारच्या मुलीशी रंगाची तुलना करणारी काकू - गुलाबी खोक्यातली बाहुली या सर्वांच्या पाठिंब्यावर उभी आहे. तिला एकटीला घराबाहेर काढून भागणार नाही.

रूथ हँडलर यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध येथे आठवतो. १९७० साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली. बाजारात मिळणारे कृत्रिम अवयव इतके बेढब होते की त्यांनी स्वतः चांगले बनवायला घेतले, त्याचा व्यवसाय उभारला आणि गावोगावी जाऊन स्त्रियांना ते स्वतः बसवून दिले. जगाला अशक्य मापाचा देह देणारी स्त्री दुखावलेल्या देहांची शुश्रूषा करू लागली. २००२ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या बाहुलीला मात्र वेगवेगळे बांधे मिळायला २०१६ साल उजाडले. उंच, ठेंगणी आणि थोडी भरलेली अशा बार्बी त्या वर्षी निघाल्या. खप घसरू लागल्यावर कंपनीला ही सुबुद्धी झाली, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

आदर्श शोधण्यासाठी मुलींना दुकानात न्यायलाच हवे, असे नाही. नाशिकहून त्र्यंबकमार्गे हरसूलकडे निघाले की सावरपाडा लागतो. आदिवासी पाड्यावरच्या त्या घरात ५ मे १९८५ रोजी जन्मलेली कविता राऊत धावू लागली. धावण्याला बूट नसले तरी चालते, अनवाणीही धावता येते, हेही त्यामागचे एक कारण. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेच्या धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री, आणि मिल्खा सिंगांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर धावपट्टीवर भारताला मिळालेले ते पहिले पदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१६ मध्ये रिओच्या ऑलिम्पिकची मॅरेथॉन. तिच्यामागून नाशिकच्या मैदानावर संजीवनी जाधव आली, मोनिका आथरे आली. उन्हात रापलेला रंग आणि पोटऱ्यांतले बळ, यांवर लोक जल्लोष करतात हे नाशिकच्या मुलींनी डोळ्यांनी पाहिले आहे. पायांचा उपयोग उंच टाचांवर तोल सांभाळण्यापलीकडेही असतो, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र आपल्या मुलीला एका तरी रविवारी मैदानावर नेऊन धावणाऱ्या मुली दाखवणारे पालक किती? मॉलमध्ये नेणारे मोजून पाहावेत, म्हणजे उत्तर मिळेल.

राहता राहिला व्यवहार. आधीच घरी आलेली बार्बी मुलीच्या हातून हिसकावून घेऊ नये. हिसकावलेली वस्तू अधिकच मौल्यवान होते. तिच्या शेजारी एक चिंधीची बाहुली येऊ द्यावी. आईने किंवा आजीने मुलीला जवळ बसवून ती शिवावी, काळी-सावळी, गुबगुबीत, जशी जमेल तशी. जुन्या पातळाचा काठ वापरावा. बार्बीचेही कपडे बाजारातून न आणता घरीच बेतावेत. कात्री, सुई आणि माप मुलीच्या हाती आले की ती पुन्हा मोठी होते. मुलग्यांनाही या खेळात घ्यावे, बाहुलीला औषध पाजू द्यावे. त्यांच्या पौरुषाला काही होत नाही. आणि बाहुलीच्या लग्नाच्या आधी एकदा तिला शाळेत, दवाखान्यात, शर्यतीला पाठवून पाहावे. भातुकलीत बदल करायला कोणाची परवानगी लागत नाही.

याच नाशिकमधली आणखी एक मुलगी सांगायची राहिली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. साळुंके नावाचा पुरुषच तारामती झाला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. सरस्वतीबाई फाळके फिल्म धुण्यापासून तिला भोके पाडण्यापर्यंत सारे करीत होत्या, पण पडद्यावर स्त्री दिसणे समाजाला मानवत नव्हते. आणि १९१९ मध्ये, नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या 'कालिया मर्दन'मध्ये, श्रीकृष्ण म्हणून उभी राहिली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. वय सुमारे सात वर्षांचे. म्हणजे इंग्लंडमधल्या त्या अभ्यासातल्या मुलींच्याच बरोबरीची. चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी तिला मंदाकिनी म्हणूनच दाखवले आहे. ना मुकुट, ना मोरपीस. एक लहान मुलगी कॅमेऱ्याकडे पाहते, हसते, रागावते, रडू लागते, चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक बदलत राहते; आणि त्यानंतर तीच कृष्ण होते आणि कालियाच्या फण्यावर उभी राहते.